झोपला तो उठलाच नाही

१

प्रगतीनं चपला दारातच सोडल्या, ओढणीनं कपाळ पुसलं आणि आधी कोपऱ्यातल्या टेबलाकडं पाहिलं. लॅपटॉपचं झाकण उघडं होतं, पडदा काळाठिक्कर. बटणाजवळचा बारीक दिवा तेवढा लुकलुकत होता. तिनं एक कळ दाबली, मग सगळ्याच दाबल्या. ढिम्म.

"मेला वाटते पुन्हा," ती पुटपुटली.

"कोन मेला?" आतून द्वारकाबाई हातातल्या पळीसकट धावत आल्या. "मायबाई, कोन मेला वं?"

"कोनी नाई आई. लॅपटॉप."

"हात् तुही! जीव गेला ना माझा," असं म्हणून आई परत चुलीकडं गेली. प्रगती मात्र तिथंच खुर्चीवर बसली. तिचाही जीव गेलाच होता, फक्त तिला ते बोलून दाखवता येत नव्हतं.

आता ही प्रगती कोण आणि तिच्या लॅपटॉपच्या मरणाचं एवढं सुतक कशाला, ते सांगायला हवं. पोरगी तेलंगणातल्या जैनथची. रोज बस धरून आदिलाबादला जायचं आणि एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचं, ही तिची नोकरी. तिचं खरं वेड मात्र वेगळंच. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, कुणाच्याच मालकीची नसलेली एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. दर आठवड्याला त्याची एक कच्ची आवृत्ती निघते, आणि ती पक्की व्हायच्या आत काही हौशी लोक ती आपापल्या यंत्रांवर चालवून खोडी शोधतात. प्रगती त्यांतली एक. याचा पैसा मिळत नाही. नाव मिळतं: 'तपासणारी, प्रगती.' ते नाव कर्नलच्या इतिहासात कायमचं राहतं, आणि तिनं ते आजवर फार जपलं होतं.

तिची पद्धत साधी होती. सकाळी जुन्या लॅपटॉपवर नवा कर्नल चढवायचा आणि दिवसभर पुरेल एवढं जड काम देऊन कॉलेजला जायचं. काम संपलं की लॅपटॉपनं आपणहून झोपायचं, आणि संध्याकाळी तिनं कळ दाबली की उठायचं. या खेपेला तो झोपला तो उठलाच नाही. त्याच्या नोंदींतली शेवटची ओळ होती 'झोपतो आहे', आणि पुढं काहीच नाही.

तिनं तसं कळवलं. बरं, जगात दुसऱ्या कुणालाही ही खोड दिसेना! मग तिनं या कामातली नेहमीची युक्ती केली. जुना कर्नल जगतो, नवा मरतो, म्हणजे मधल्या हजारो बदलांपैकी कुठलातरी एक गुन्हेगार. बरोबर मधला बदल घ्यायचा आणि तिथपर्यंतचा कर्नल बनवून दिवसभर चालवायचा. मेला तर गुन्हेगार अलीकडं, जगला तर पलीकडं. रोज निम्मे निम्मे करत ती शेवटी एका नावावर येऊन थांबली. लिमा शहरातला कुणी मातेओ. कर्नलमधला त्याचा हा पहिलाच बदल.

तिनं त्याचं नाव कळवलं आणि त्याच रात्री योहानचं उत्तर आलं. हा योहान कर्नलचा राखणदार, कुठला बदल राहील ते ठरवणारा, शब्द मोजून लिहिणारा. 'रविवारी पक्की आवृत्ती निघते आहे. तोवर हे कसं घडतं ते दाखव. नाही दाखवलंस तर सावधगिरी म्हणून मातेओचा बदल काढून टाकतो, आणि तुझं यंत्र सदोष समजून यापुढं तुझे अहवाल बाजूला ठेवतो.'

त्याखाली मातेओचं पत्र होतं. 'माझ्यामुळं तुमचं यंत्र बंद पडलं असेल तर माफ करा. कसं ते मला कळत नाही.'

प्रगतीनं त्याचा बदल उघडून नीट वाचला. तो बदल लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासाठी होता. तिचा लॅपटॉप सेकंडहँड, त्याचा कॅमेरा आधीच्या मालकानंच काढून घेतलेला. त्या भोकावर द्वारकाबाईंनी टिकली चिकटवली होती.

ज्या घरात हा माणूस कधी आलाच नाही, तिथं त्यानं खून केला कसा?

२

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रगतीनं घरातल्या सगळ्यांना चहाबरोबर धरलं.

"खरं सांगा. मी नसताना लॅपटॉपले कोनी हात लावते का?"

पहिला संशय अर्थात प्रितमवर. धाकटा भाऊ, जैनथ ते आदिलाबाद ऑटो चालवतो आणि घरात दिसेल त्या सॉकेटला आपला मोबाइल लावतो.

"तुझ्या त्या डबड्याले मी काऊन हात लावू?" तो म्हणाला. "अन् संध्याकाळी मी असतो का घरी? आदिलाबादच्या बसस्टँडवर भरलेल्या सीटा सोडून तुझा लॅपटॉप माराले येऊ का?"

हे खरंच होतं. सकाळी ती निघताना लॅपटॉप धडधाकट असे आणि प्रितम तिच्याही नंतर घरी येई.

"मी त्याले फडकासुद्धा मारत नाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "तूच बजावलं होतं ना? तवापासून त्या टेबलावर ही धूळ साचून राह्यली, पन मी बोटसुद्धा लावत नाई."

देवाजी खुर्चीत ताठ बसले. आयुष्य तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेलेलं. निवृत्त झाले तरी बोलणं कचेरीतच राहिलं होतं. "माझा जवाब लिहून घे," ते म्हणाले. "सदर यंत्राले मी हात लावला नाई, लावत नाई. दस्तखत कुठी करू?"

"बाबा, मस्करी नका करू ना."

"मस्करी नाई. हलफावर सांगून राह्यलो."

गंमत अशी की तिघंही अगदी खरं बोलत होते.

मग राहिली माणिकरावांची पिठाची गिरणी. ती शेजारीच. सुरू झाली की घरातले दिवे मंद होतात आणि टीव्ही कुरकुरतो. माणिकराव स्वतःच कुंपणापाशी येऊन म्हणाले, "माझ्या गिरणीनं तुझं यंत्र जळलं म्हनते का वं पोरी?"

"नाई काका, पाहून राह्यली फक्त."

तिनं लॅपटॉप कामाला लावला आणि चार्जर खसकन उपटला. लॅपटॉपला काही सोयरसुतक नव्हतं, बॅटरीवर आपला चालूच. परत लावला, पुन्हा काढला, तरी चालूच. करंट येवो की जावो, याला फरक पडत नाही. तिनं संशयितांतून वीज कायमची काढून टाकली आणि बस पकडायला धावली.

इथंच ती चुकली. पण ते तिला कळायला अजून अवकाश होता.

३

बसमध्ये सुवर्णानं जागा धरून ठेवली होती. सुवर्णा त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. घरी कापूस आणि ज्वारी, कॉम्प्युटरशी संबंध फक्त पगार जमा झाला का ते पाहण्यापुरता. पण चौकस इतकी, की समोरच्याला घाम फुटावा.

सगळी कहाणी ऐकून ती म्हणाली, "म्हंजे त्या पोराची काही चूक नाई. मंग तुझ्या निम्म्यानिम्म्यानं त्याचं नाव काऊन घेतलं?"

"एखाद्या दिवसाचा निकाल चुकला असंल. तेवढं झालं तरी पुढचं सगळं चुकते."

"कोनता निकाल चुकू शकते? मेल्याचा का जगल्याचा?"

"मेला तो मेलाच. मी डोळ्यांनं पाह्यला."

"अन् जगला तो?"

प्रगती बोलायला गेली आणि थांबली. कंडक्टर तेलुगूत तिकीट विचारत होता, तिला ऐकूच आलं नाही. सुवर्णानंच दोन तिकिटं काढली.

"जगला म्हंजे कर्नल चांगला, असं मी धरून चालली," प्रगती सावकाश म्हणाली. "पन असंही असू शकते, की कर्नल वाईटच होता, अन् त्या दिवशी मारनारा आलाच नाई."

"वा गं बाई! आता कोनता दिवस ते सांग."

तिनं मोबाइलवर निकाल काढले. शेवटचा 'जगला' एका शुक्रवारचा होता. त्यानंतरचे सगळे 'मेला', आणि मातेओचा बदल बरोब्बर त्या शुक्रवारच्या कर्नलच्या पाठीला लागून! म्हणजे तो एक शुक्रवार खोटा निघाला की मातेओ सुटला.

"त्या दिवशी घरी काय झालं होतं?"

"काईच नाई. मयूरीताईच्या पोराचा वाढदिवस होता, आईबाबा तिच्या घरी बोथ गावाले गेले होते. घरी तर कोनी..."

तिनं मोबाइलवरची तारीख पुन्हा पाहिली. सुवर्णानंही.

"नव्हतं," प्रगतीनं वाक्य पुरं केलं. "त्या संध्याकाळी घरी कोनीच नव्हतं."

मारणारा घरातलाच होता.

४

सुवर्णाचा आणखी एक प्रश्न तिला दिवसभर छळत राहिला. बसमधून उतरताना सहज विचारला होता तिनं: "झोपायच्या आधी त्याचं काम संपलं होतं का?"

आता हे प्रगतीनं कधी पाहिलंच नव्हतं. काम संपल्यावर तो झोपतो, हे तिनंच ठरवलेलं. मग झोपला म्हणजे काम संपलंच असणार! घरी येऊन तिनं डिस्क तपासली. प्रत्येक 'मेला'च्या दिवशी काम अर्ध्यावर पडलेलं होतं. भरल्या कामातून कोण आपणहून झोपतं? त्याला कुणीतरी झोपवत होतं.

लॅपटॉप झोपवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे झाकण लावणं. झालं, सापडलं! शुक्रवारी पहाटे उठून तिनं मोठ्या उमेदीनं नवा कर्नल चढवला, काम सुरू केलं आणि झाकण लावलं. थोडं थांबून उघडलं. लॅपटॉप टुणकन जागा. पुन्हा लावलं, उघडलं, जागा. हळू लावलं, आदळून लावलं, झाकण लावून चहा पिऊन आली. पठ्ठ्या दरवेळी जागा.

"आता काय झालं वं?" द्वारकाबाईंनी तिचा चेहरा पाहून विचारलं.

"मरून नाई राह्यला ना आई!"

"अवं, मंग चांगलंच हाय की. रडते काऊन?"

ती रडत नव्हती, पण फार बाकीही नव्हतं. एका अनोळखी पोराचं नाव तिच्या शब्दावर पुसलं जाणार होतं. तो निरपराध आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि योहानसमोर ठेवायला हातात काही नव्हतं. वर तिचा शब्दही जाणार. जैनथची एक पोरगी, तिचं मोडकं यंत्र, असं म्हणून लोक विसरून जातील.

चहाचा कप धुताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. आपण घरच्यांना काय विचारलं? हात लावला का? म्हणजे चूक केली का? चूक केली का विचारल्यावर माणूस चुकाच आठवतो. जे तो रोज करतो आणि ज्यात त्याला काही वावगं वाटत नाही, ते त्याला आठवणार तरी कसं?

आता विचारायचं नाही. नुसतं पाहायचं.

५

शनिवारी तिनं कॉलेजातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. घरी येऊन लॅपटॉपला काम दिलं आणि म्हणाली, "मी इथं बसून पेपर तपासते. तुमी समजा, मी घरी नाई."

"म्हंजे तुले जेवाले नाई वाढायचं का?" द्वारकाबाई म्हणाल्या.

उन्हं उतरली. ऑक्टोबरचा उकाडा, टेबलफॅन घरघरत होता. माणिकरावांची गिरणी थांबली, लॅपटॉप आपला चालूच. दिवेलागण झाली. देवाजी हातपाय धुऊन, पांढरा सदरा घालून आले. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. लॅपटॉपचं टेबल नेमकं त्याच भिंतीला, कारण घरात दुसरा धड सॉकेटच नव्हता. या घरात रोज या वेळी वंदना होते आणि वंदनेच्या वेळी कुठलाही पडदा चालू राहत नाही, ही देवाजींची शिस्त. टीव्ही बंद, मोबाइल उपडे. सुट्टीच्या दिवशी प्रगती स्वतःच आधी लॅपटॉप बंद करून आत ठेवत असे. इतकी अंगवळणी पडलेली गोष्ट, की कॉलेजच्या दिवशी आपण घरी पोचायच्या आत काय होत असेल हा विचारच तिच्या मनाला कधी शिवला नव्हता.

देवाजी टेबलापाशी आले. त्यांनी दोन बोटांनी, झोपल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं तसं, लॅपटॉपचं झाकण लावलं.

प्रगतीचा पेन थांबला. झाकण! पण झाकणानं तर तो मरत नाही.

द्वारकाबाई मेणबत्ती घेऊन आल्या. काडी ओढली, फॅनच्या वाऱ्यानं विझली. "हे एक रोजचंच," असं म्हणत त्या वाकल्या आणि जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण बंद केलं. फॅन थांबला. त्याच बोर्डात लॅपटॉपचा चार्जर होता.

प्रगतीची नजर बोर्डावरून लॅपटॉपवर गेली.

मेणबत्ती लागली. त्रिशरण झालं, पंचशील झालं. 'साधु, साधु, साधु' म्हणून द्वारकाबाईंनी बोर्ड चालू केला. फॅन पुन्हा घरघरू लागला. देवाजींनी जसं लावलं होतं तसंच हलक्या हातानं झाकण उघडून ठेवलं.

पडदा काळाठिक्कर. बारीक दिवा लुकलुकत होता.

"झोपून हाय अजून," देवाजी म्हणाले. "उठंल त्याचं त्याचं."

"बाबा!" प्रगती किंचाळलीच. पेपर जमिनीवर विखुरले. "तुमी तर म्हनले होते, हात लावत नाई!"

"हात कुठी लावला?" देवाजींना खरोखरच कळेना. "झाकन लावलं फक्त. मशीनले हात लावनं येगळं."

"अन् आई, तू?"

"मी? मी तर फॅन बंद केला."

प्रगतीनं आईला मिठीच मारली. काल-परवा तिनं चार्जर उपटला होता, पण जागेपणी. झाकण लावलं होतं, पण करंट चालू ठेवून. झोपेत असताना करंट जायला हवा, झोपेतच परत यायला हवा, आणि मग डोळे उघडायला हवेत. या क्रमानं वागणारं घर जगात दुसरं कुठं असणार? बोथच्या शुक्रवारी वंदना इथं झालीच नव्हती, म्हणून तेवढ्या दिवशी तो वाचला.

"म्हंजे आमी दोघांनं मारला का त्याले?" द्वारकाबाई घाबरून म्हणाल्या.

"नाई वं आई. तुमी दोघं साक्षीदार हा. मारनारा आतमधीच बसून हाय. आता त्याले धरायचं."

६

रविवारी सकाळपासून घरात एकच कवायत. प्रगती कॉलेजच्या मोठ्या यंत्रावर घरबसल्या मधले कर्नल बनवून आणी आणि लॅपटॉपवर चढवी. देवाजी झाकण लावत, द्वारकाबाई बोर्डाचं बटण बंद करत, प्रितम ऑटो दारात उभी करून 'आता चालू कर' ओरडे. मेला, जगला, मेला, मेला. निम्मे निम्मे करत दुपारपर्यंत एकच बदल उरला. झोपेत असताना करंट गेला-आला की त्याची नोंद ठेवण्याबद्दलचा तो बदल होता. जागं होताना कर्नल त्या नोंदीची वाट पाहत बसे आणि ती कधी येतच नसे.

खाली लिहिणाऱ्याचं नाव होतं. योहान.

प्रगतीनं ते दोनदा वाचलं. मग शांतपणे पत्र लिहिलं: आधी झाकण लावा, मग करंट तोडा, थांबा, करंट जोडा, झाकण उघडा. मातेओचा काही दोष नाही, त्याचं नाव मी चुकून घेतलं, त्याची माफी मागते. योहानबद्दल तिनं एक शब्दही जास्त लिहिला नाही.

थोड्या वेळानं त्याचा प्रश्न आला. 'मध्ये किती वेळ थांबायचं?'

तिनं लिहिलं, 'आमच्याकडं एक वंदना होईपर्यंत थांबतात.'

मग बराच वेळ काहीच नाही. प्रगतीनं नखं खाल्ली. अखेर उत्तर आलं. 'मला तुमची वंदना येत नाही, म्हणून कॉफी प्यायलो. माझंही यंत्र मेलं. हा बदल माझा आहे आणि चूकही माझीच. मातेओचा बदल राहील. पक्की आवृत्ती आठवडाभर पुढं ढकलतो. दुरुस्ती पाठवतो आहे; ही खोड तुमच्याकडं कुणी कुणी तपासली ती नावं कळव.'

प्रगतीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला तिनं ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त कर्नल लॅपटॉपवर चढला. दिवेलागणीला देवाजींनी झाकण लावलं, द्वारकाबाईंनी बोर्ड बंद केला. प्रगती कॉलेजातून लवकर निघून आली होती, प्रितमसुद्धा शेवटची ट्रिप सोडून आला होता. वंदना झाली, पण त्या दिवशी एकाचंही चित्त धड ठिकाणावर नव्हतं. फॅन सुरू झाला. देवाजींनी झाकण उघडलं.

पडदा झगकन उजळला.

"साधु, साधु, साधु!" द्वारकाबाईंच्या तोंडून आपसूक पुन्हा निघालं.

देवाजी ताठ उभे राहिले. "लिहून घे," ते म्हणाले. "सदर यंत्राचं झाकन मी लावलं, मीच उघडलं, यंत्र हजर हाय. दस्तखत कुठी करू?"

"झाली बाबा तुमची दस्तखत. आज सकाळीच झाली." तिनं पडद्यावर ती दुरुस्ती उघडली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. देवाजींनी चष्मा चढवला आणि एकेक इंग्रजी अक्षर जोडत आपलं नाव वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे खोडता येते का कोनाले?"

"एकदा पक्कं झालं की नाई बाबा. कोनालेच नाई."

ते सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत राहिले.

"माझं कुठी हाय वं?" द्वारकाबाई मागून डोकावल्या.

"हे काय, बाबाच्या खाली."

"खाली काऊन?" त्या म्हणाल्या. "बोर्ड तर मीच बंद करते."

अखेर प्रगतीनं रात्री योहानला आणखी एक पत्र लिहिलं, आणि आवृत्ती पक्की व्हायच्या आत नावांचा क्रम बदलून घेतला.